छत्री आणू नकोस

मुलीचा निरोप एवढाच होता, "आई, छत्री आणू नकोस." ती सिएटलला राहते. अमेरिकेतलं पावसाचं गाव म्हणून ते प्रसिद्ध, आणि आमची तिकिटं मार्चच्या मध्यातली, म्हणजे तिथला पाऊस अजून आवरलेला नसतो तेव्हाची. अशा गावाला छत्रीशिवाय जायचं हे मुलुंडमध्ये जन्म गेलेल्या माणसाला पटणं कठीण.

"छत्री घेऊन फिरलं की लगेच कळतं, हा बाहेरचा," ती म्हणाली.

"आम्ही बाहेरचेच आहोत," मागून हे म्हणाले.

ह्यांनी एव्हाना आकडे काढले होते. सिएटलला वर्षभरात पाऊस पडतो साधारण साडेनऊशे मिलिमीटर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ पडला होता. त्या रात्री हे सायनहून मुलुंडपर्यंत पाण्यातून चालत आले होते, आणि तेव्हापासून पावसाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकून घेत नाहीत. "तुमचं वर्ष म्हणजे आमचा एक दिवस," असं त्यांनी मुलीला ऐकवलं. वर "आपला पाऊस सुरू होतो तेव्हा तुमचा बंद होतो, जुलैत तिकडे ठणठणीत कोरडं असतं" हेही सांगून टाकलं. जिला सांगत होते ती तिथेच राहते, ही गोष्ट गौण होती.

पण खरी गोम आकड्यांत नव्हतीच. तेवढाच पाऊस तिकडे वर्षातल्या दीडशेएक दिवसांना पुरवून पुरवून वाटलेला असतो. पडतो तो बुरबुर, आणि मार्चमध्ये दुपारचं तापमान बारा अंशांवर फारसं जात नाही, रात्री चार-पाच. आता आपल्या घरातले कपडे आठवून पाहा. पावसाचे कपडे आहेत, ते उकाड्यातल्या पावसाचे. थंडीचे आहेत, ते महाबळेश्वरच्या कोरड्या डिसेंबरचे. पाऊस आणि थंडी एकदम अंगावर आली तर काय घालायचं, यावर आमच्या कपाटाने कधी विचारच केलेला नव्हता.

चपलांचंच बघा. आपली पावसाळी चप्पल पाणी आत येणारच हे धरून केलेली असते. पाण्याने पुढून यावं, मागून जावं, आपण मध्ये चालत राहावं. ही विचारसरणी चार अंशांत चालत नाही. तिकडे पाण्याला आतच येऊ द्यायचं नाही असे बूट लागतात, आणि ते घ्यायला मी ऐन मार्चमध्ये, डोक्यावर ओढणी घेऊन, स्टेशनरोडला गेले. दुकानदाराने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "काकू, पावसाळी माल मे एंडला. आत्ता टोप्या घ्या, गॉगल घ्या." फुटपाथवरचे स्वेटरवाले तर केव्हाच आपापल्या गावी गेले होते. त्यांच्या जागेवर कलिंगडं लागली होती.

मग माळा. ह्यांना स्टुलावर चढवून रेनकोट काढायला लावला. दोन्ही बाह्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. सोडवताना चर्रर्र आवाज झाला आणि आतलं पांढरं अस्तर भुगा होऊन फरशीवर गळायला लागलं. खिशात गेल्या पावसाळ्यातलं लोकलचं तिकीट निघालं, आधी लगदा झालेलं आणि मग वाळून पापडासारखं कडक. ह्यांनी ते उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला. त्यात अर्धा तास गेला.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर तपासणी झाली. आमची रात्र, तिची सकाळ. मी एकेक कपडा कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि तिने निकाल द्यायचा.

"हा रेनकोट?"

"आई, तो आधी टाकून दे."

"कॉटनचे ड्रेस?"

"कॉटन भिजलं की वाळत नाही इथे. गारठशील."

"बाबांची जीन्स?"

"तेच. पुढचं दाखव."

माझ्या कपाटात कॉटन वजा केलं तर लग्नातला शालू आणि एक पेटीकोट उरतो. लोकरीला मात्र तिने होकार दिला, ओली झाली तरी ऊब धरते म्हणून. मग ह्यांनी हुकमी एक्का काढला. लडाखला जाऊन आलेल्या भाच्याकडून मागून आणलेलं पिसांचं जाकीट. "याचं पेटंट सिएटलच्याच माणसाचं आहे, एडी बाउअर, १९४०!" पिसांचं जाकीट ज्या गावात मोठं झालं तिथे तरी ते चालेल, असा त्यांचा हिशोब. मुलगी म्हणाली, "पिसं भिजली की गोळा होतो बाबा, वरून वॉटरप्रूफ काहीतरी हवंच." म्हणजे आत लोकर, मधे पिसं, वर पाणी न शिरणारं टोपीचं जाकीट. तिन्ही मिळून एक माणूस कोरडा.

आणि हे सगळं कशात? तर प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यातही कपड्यांच्या आधी खाण्याचा हक्क. मुलीची यादी कपड्यांच्या बाबतीत जितकी कडक तितकीच या बाबतीत प्रेमळ होती. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पाडव्यासाठी साखरेच्या गाठी. कडुलिंबाची पानं मी मनातल्या मनात भरून परत काढली, कारण ताजा पाला अमेरिकेच्या कस्टम्सला चालत नाही. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांनी मला खरा धक्का दिला. विमानाच्या नियमांत सुकं खोबरं ज्वालाग्राही माल! त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं म्हणे. इतकी वर्षं गॅसच्या शेजारच्या डब्यात मी हे ठेवत आले. मेतकूट हातातल्या बॅगेत न्यावं म्हटलं, तर अमेरिकेच्या विमानात साडेतीनशे मिलिलिटरच्या वर कुठलीही पूड दिसली की वेगळी तपासणी. विमानतळावर कुणा साहेबाला मेतकूट म्हणजे काय ते समजावत बसण्यापेक्षा मी ते मोठ्या बॅगेत, लोकरी मोज्यांच्या आत कोंबलं. मोज्यांना हिंगाचा वास लागेल. लागू दे.

ह्यांनी वजनाचा हुक घेऊन ठेवलाच होता. बॅग हुकाला लटकवायची, दोन्ही हातांनी उचलायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा. आकडा वाचायला मी खाली वाकायची आणि चष्मा डोक्यावर असायचा. "लवकर वाच गं!" असं हे दातांवर दात ठेवून म्हणत. शेवटी वजन हटेना तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. बॅगेचं वजन मोजतात, माणसाचं मोजत नाहीत. तेव्हा स्वेटर, पिसांचं जाकीट, वॉटरप्रूफ आणि बूट अंगावर.

मुंबईत त्या दिवशी मरणाचं उकडत होतं. टॅक्सीवाला आरशातून ह्यांच्याकडे बघून एसी वाढवत राहिला. सिक्युरिटीला पोचेपर्यंत हे आतून पूर्ण भिजले होते. जवानाने एकेक कपडा उतरवायला सांगितला आणि ट्रेमागून ट्रे भरत गेले.

"कहाँ जा रहे हो अंकल? बर्फ है उधर?"

"बर्फ नहीं," हे घाम पुसत म्हणाले, "बारिश."

"बारिश के लिए इतना?"

मी ह्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. मागे रांग खोळंबली होती, बूट पट्ट्यावरून पुढे निघून गेले होते, आणि हे मोज्यांवर उभे राहून त्या जवानाला सांगत होते, "छब्बीस जुलै दो हजार पाँच को आप इधर थे क्या?"