मुलाचे नाव वेगळे ठेवायचे असेल तर

मुलासाठी चारचौघांपेक्षा वेगळे नाव निवडले की आई-वडिलांना पहिल्यांदा ऐकावे लागते ते एकच वाक्य, "शाळेत मुले चिडवतील." मुलीच्या बाबतीत हे वाक्य क्वचितच कानावर येते. तिचे नाव नवे, नाजूक किंवा अनोळखी असले तर सगळे कौतुकाने अर्थ विचारतात. मुलाचे नाव तसेच असले तर वडीलधारी माणसे काळजीत पडतात आणि "निदान कागदोपत्री तरी काहीतरी साधे ठेवा" असे सुचवतात. माझे मत असे आहे की वेगळे नाव मुलालाही खुशाल ठेवावे. मात्र ते वेगळेपण नावाच्या निवडीत असावे, लिहिण्याच्या करामतीत नसावे, आणि त्या नावापायी होणारे कष्ट शक्य तितके कमी असावेत, कारण ते आई-वडिलांना नव्हे, तर मुलाला सोसायचे असतात.

आधी त्या चिडवण्याच्या भीतीकडे पाहू, कारण तिच्या पोटात दुसरीच एक भीती दडलेली असते. पुष्कळदा आक्षेप नावाच्या नवेपणाला नसतोच. ते पुरेसे मर्दानी वाटत नाही, ही खरी तक्रार असते. इंग्रजी भाषक समाजांत याचा मोठा पुरावा मिळतो. शर्ली, एव्हलिन, बेव्हर्ली, ॲशली ही सगळी एके काळी पुरुषांची नावे होती. ती मुलींना ठेवली जाऊ लागली आणि हळूहळू पालकांनी मुलांना ती देणे सोडून दिले. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे मुलींचे म्हणून रुळलेले नाव पुन्हा मुलांकडे येणे, फार विरळा. मुलींना मुलांचे नाव चालते, मुलांना मुलींचे चालत नाही, आणि हा नियम कोणीही लिहून ठेवलेला नसताना सगळे पाळतात.

या नियमाची किंमत मुले मोजतात हेही खरे आहे. डेव्हिड फिग्लिओ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुलींची समजली जाणारी नावे असलेले मुलगे प्राथमिक शाळा संपवून पुढच्या शाळेत गेल्यावर इतर मुलांपेक्षा अधिक बेशिस्त वागताना आढळले. हा अभ्यास पुढे करून पालकांना घाबरवणे सोपे आहे. मला त्यातून वेगळाच निष्कर्ष काढावासा वाटतो. ज्या वर्गात मुलीसारखे असणे हाच मुलाचा अपमान मानला जातो, त्या वर्गात नाव साधे असलेल्या मुलालाही चिडवायला दुसरे काही ना काही सापडतेच. तेव्हा दुरुस्ती वर्गाची व्हायला हवी. तरीही आपल्या मुलाला त्या दुरुस्तीची वाट पाहायला लावायची की नाही, हा पालकांपुढचा खराखुरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर "नाही" असे देणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

याच संदर्भात जर्मनीतला एक निकाल मराठी वाचकांना विशेष रंजक वाटेल. तिथे पहिल्या नावावरून मूल मुलगा आहे की मुलगी हे कळले पाहिजे, असा दंडक नोंदणी कार्यालये पाळत असत. एका दांपत्याला आपल्या मुलीचे नाव "किरण" ठेवायचे होते आणि ते नाव स्त्रीचे असल्याचे स्पष्ट होत नाही म्हणून नोंदणीला नकार मिळाला. प्रकरण थेट संघीय घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि 5 डिसेंबर 2008 रोजी न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. नावातून लिंग उघड झालेच पाहिजे असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्या नावाचे पुरुष आणि स्त्रिया आपल्या ओळखीत सहज सापडतात, त्या नावासाठी दुसऱ्या देशात सर्वोच्च पातळीपर्यंत भांडावे लागले. एखादे नाव "मुलाचे वाटत नाही" असे कोणी ठामपणे म्हणाले की मला हा खटला आठवतो.

आता दुसरा आक्षेप, तो म्हणजे नोकरीचा. वेगळ्या नावाचे अर्ज बाजूला पडतात असे सांगितले जाते आणि त्यासाठी हमखास एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे बनावट अर्ज पाठवले, काहींवर गोऱ्यांची वाटणारी आणि काहींवर कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे घातली, आणि पहिल्या गटाला सुमारे 50 टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्यातली नावे विचित्र नव्हती. त्यांवरून माणसाचा वर्ण ओळखता येत होता, आणि भेदभाव झाला तो वर्णावरून. त्याच वर्षी रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेविट यांनी कॅलिफोर्नियातील जन्मनोंदी तपासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्माच्या वेळची घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर अशा नावांचा पुढील आयुष्यावर स्वतंत्र वाईट परिणाम दिसला नाही. म्हणून "वेगळे नाव ठेवाल तर पोरगा बेकार राहील" हे वाक्य मी गंभीरपणे घेत नाही.

माझा खरा विरोध आहे तो मुलाच्या नावावर आई-वडिलांनी स्वतःचा झेंडा लावण्याला. स्वीडनमध्ये एका दांपत्याने तिथल्या नामकायद्याचा निषेध म्हणून मुलासाठी अक्षरे आणि आकडे मिळून 43 चिन्हांचे, उच्चारताच न येणारे नाव 1996 मध्ये दिले. ते अर्थातच नाकारले गेले. जपानमध्ये 1993 साली एका बापाने मुलाचे नाव "आकुमा", म्हणजे सैतान, ठेवण्याचा हट्ट धरला आणि स्थानिक प्रशासनाने त्याला हरकत घेतली. 2020 मध्ये उद्योगपती इलॉन मस्क आणि गायिका ग्राइम्स यांनी मुलाच्या नावात 12 हा आकडा घातला होता, तो कॅलिफोर्नियाच्या नोंदणी नियमांत बसत नसल्याने पुढे रोमन अंकचिन्हांत बदलावा लागला. या तिन्ही ठिकाणी नावाची चर्चा झाली ती पालकांमुळे, आणि ज्याचे ते नाव होते त्याच्या मताचा तिथे प्रश्नच नव्हता.

याचा अर्थ सरकारने नावांच्या याद्या कराव्यात असा मी काढत नाही. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्याने प्रामुख्याने दिनदर्शिकांतली आणि प्राचीन इतिहासातली नावेच मान्य होती, आणि ही सक्ती पूर्णपणे उठायला 1993 उजाडले. त्यानंतरही 2017 मध्ये जन्मलेल्या एका मुलाच्या "फान्श" या ब्रेतॉन, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या भाषेतल्या, नावातील एका अक्षरावरच्या नागमोडी चिन्हावरून न्यायालयात वाद झाला. ते चिन्ह फ्रेंच भाषेत मान्य नाही म्हणून खालच्या न्यायालयाने नाव नाकारले, तर 2018 मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. माझी सहानुभूती त्या पालकांकडे आहे, कारण ते चिन्ह त्यांनी शोभेसाठी लावलेले नव्हते. ब्रेतॉन भाषेत ते नाव तसेच लिहितात.

शोभेसाठी केलेली लेखनातली करामत मात्र मला मुळीच पटत नाही. रोमन लिपीत लिहिताना एक जादा "ए", कारण नसताना दुप्पट केलेले व्यंजन, मधेच घुसवलेला "एच", हे सगळे कानाला ऐकू येत नाही. फक्त प्रत्येक अर्जावर, प्रत्येक तिकिटावर, प्रत्येक प्रमाणपत्रावर चुकते. मराठी नावांना लिपी बदलताना मुळातच पुरेसा त्रास असतो. "यज्ञेश" या नावातला ज्ञ मराठी माणूस रोमन लिपीत "डी-एन-वाय" असा लिहितो आणि हिंदी भाषक "जी-वाय" असा, त्यामुळे त्या मुलाला आपले नाव आयुष्यभर एकेक अक्षर सुटे करून सांगावे लागते. इतकी अडचण असूनही ते नाव ठेवावेसे वाटत असेल तर जरूर ठेवावे, कारण तिथे अडचण लिपीची आहे आणि नाव खरे आहे. निव्वळ वेगळे दिसण्यासाठी नवी अडचण निर्माण करण्याला मात्र काही समर्थन नाही.

आणखी एक गंमत अशी की वेगळेपणाच्या या शोधातून बहुतेक जण एकाच ठिकाणी पोहोचतात. अमेरिकेत एडन, जेडन, ब्रेडन, हेडन अशी एकाच ठेक्याची नावे मुलांना मोठ्या प्रमाणावर दिली गेली. आपल्याकडे विहान, विवान, कियान, रियान यांचे तेच झाले आहे, आणि बागेत एकाला हाक मारली तर चौघे वळून पाहतात. खरोखर वेगळे नाव हवे असेल तर नवी अक्षरे जुळवत बसण्यापेक्षा जुन्या, वापरातून गेलेल्या नावांकडे वळणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मुकुंद, माधव, केशव, श्रीधर ही नावे आज तान्ह्या बाळाला ठेवली तर वर्गात बहुधा एकटीच असतील. ती सगळ्यांना लिहिता येतात, आणि त्यांचा अर्थ सांगायला संकेतस्थळावरची यादी उघडावी लागत नाही. तशा याद्यांत एकाच तथाकथित संस्कृत शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ दिलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे अर्थ शब्दकोशात तपासल्याशिवाय नाव पक्के करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नाव ठरले की ते आडनावासह मोठ्याने उच्चारून पाहावे आणि फोनवर एखाद्या अनोळखी माणसाला एकदाच सांगून त्याला लिहायला लावावे. त्याने बऱ्यापैकी बरोबर लिहिले तर नातेवाइकांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करावे. "मोठेपणी त्याला बदलता येईल की," हा युक्तिवाद मात्र नाव ठरवताना कोणीही करू नये; नाव बदलण्याची सोय पुष्कळ देशांत आहे हे खरे, परंतु तोवर शाळेच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत सगळीकडे जुने नाव चढलेले असते, आणि ते एकेक ठिकाणी जाऊन उतरवण्याचे काम पुन्हा त्या मुलालाच करावे लागते.