इंजिन बंद पडलं म्हणजे विमान कोसळलंच, असं नाही

छोट्या विमानाला कुठेही अपघात झाला की तोच मजकूर नव्याने फिरायला लागतो: ‘एका इंजिनाचं विमान म्हणजे उडती शवपेटी. इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं कोसळतं, वैमानिकाच्या हातात काही उरत नाही. वाचायचं असेल तर ताबडतोब मागे वळून धावपट्टी गाठायची. शेतात उतरणं म्हणजे मरणच.’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि मागे वळण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे.

आधी दगडाचं बघू. विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख. इंजिनाचं काम वेग देण्याचं. ते थांबलं तर नाक थोडं खाली करायचं आणि तोच वेग उंची खर्च करून मिळवायचा. सेसना १७२ हे एका इंजिनाचं, चार आसनांचं विमान घ्या. ६५ ते ६८ नॉटचा, म्हणजे ताशी १२०-१२५ किलोमीटरचा वेग धरला, तर वारा नसताना हे विमान जेवढी उंची गमावतं त्याच्या साधारण नऊ पट पुढे जातं. १,५०० मीटरवर इंजिन बंद पडलं, तर तेरा किलोमीटरचा टप्पा आणि सहा मिनिटं हाताशी असतात.

‘हातात काही उरत नाही’ हेही खरं नाही. अशा विमानात सुकाणू आणि पंखांवरच्या झडपा तारांनी थेट वैमानिकाच्या हातापायांशी जोडलेल्या असतात. इंजिन असो वा नसो, त्या चालतात. वेग स्थिर केला, जागा हेरली, की मग कारण शोधायचं. कित्येकदा ते इंधनात सापडतं: एक टाकी रिकामी झालेली असते आणि दुसरीत पेट्रोल शिल्लक असतं. किंवा कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरलेला असतो. हवा दमट असेल तर बाहेर २० अंश सेल्सिअस असतानाही तो धरतो. गरम हवेचा खटका ओढला की वितळतो आणि इंजिन पुन्हा धरू शकतं. बॅटरी गेली म्हणून इंजिन थांबेल, ही भीतीही नको. ठिणगी मॅग्नेटो देतात, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यातून वीज बनवणारी छोटी यंत्रं; ते दोन असतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही.

आता मागे वळण्याबद्दल. उड्डाणानंतर लगेच, शे-दीडशे मीटरवर इंजिन गेलं तर परिस्थिती खरोखर बिकट असते, हे मान्यच करायला हवं. पण तिथेच हा सल्ला सर्वांत घातक ठरतो. १८० अंश वळून भागत नाही, कारण वळेपर्यंत विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला सरकलेलं असतं. आणखी वळावं लागतं, मग उलट फिरून रेषेत यावं लागतं. ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत, तो स्टॉलचा वेग ४५ अंश कललेल्या वळणात १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. जमीन जवळ येते तसा माणूस घाबरून नाक वर खेचतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, आणि तेव्हा मात्र विमान खरंच कोसळतं. म्हणून पुरेशी उंची नसेल तर समोर, थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं दिसेल तिथेच उतरायचं, असं शिकवतात.

मार्च २०१५ मध्ये अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या १९४०च्या दशकातल्या, रायन कंपनीच्या विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या सँटा मोनिकाहून उडाल्यावर लगेच बंद पडलं. ते धावपट्टीकडे वळू लागले होते, पण पोहोचणार नाही हे लक्षात येताच त्यांनी वेग राखून गोल्फचं मैदान धरलं. झाडाला धक्का बसला, हाडं मोडली, ते वाचले. तपासात कार्ब्युरेटरचा मुख्य जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारी बारीक तोटी, आट्यांतून सुटलेला आढळला. खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे दुखापत वाढली, हेही निघालं.

शेतात उतरणं म्हणजे मरण, या दाव्याचं उत्तर इथेच आहे. जमिनीवर टेकताना वेग किती आणि थांबायला अंतर किती, यावर जीव ठरतो. ताशी ८० किलोमीटरवरून ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट, एवढ्या धक्क्याने एकसारखं थांबायला तीन मीटरही लागत नाहीत. वेग दुप्पट असेल तर चौपट अंतर लागतं. पट्टा घट्ट असेल तर माणूस हा धक्का सोसू शकतो. विमान मोडेल, मोडू द्यावं. पंख झाडाझुडपांत अडकून तुटले तरी प्रवाशांच्या वाट्याचा धक्का ते आपल्यावर घेतात. टेकण्याआधी इंधन आणि वीज बंद करायची, आणि दारांच्या कड्या काढून ठेवायच्या, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकत नाही.