आत शिरलात? आता कडी लावा

गेल्या आठवड्यात न्यू जर्सीत एका काकांकडे फराळाला गेलो होतो. काका १९७४ साली खिशात आठ डॉलर घेऊन आले, हे मी निदान अकराव्यांदा ऐकलं. मग चकली मोडत म्हणाले, "आता बास झालं बुवा. कोणीही उठतो नि येतो. दारं बंदच करायला हवीत." एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीपुरत्या तात्पुरत्या व्हिसावर, माझं हे तेरावं वर्ष. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

पण काकांचं चुकलं काय? दार लावणं ही कला आहे आणि तिचे गुरुवर्य शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकन खासदार अल्बर्ट जॉन्सन. तुम्हालाही शिकायची असेल तर त्यांचा कित्ता गिरवा.

आधी एक वर्तमानपत्र हाताशी ठेवा. जॉन्सनसाहेब वॉशिंग्टन राज्यातल्या होक्वियम गावी संपादक होते. १९१३ मध्ये तिथून थेट प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकेच्या लोकसभेत.

मग नेमकी समिती पकडा. १९१९ पासून बारा वर्षं इमिग्रेशन समितीची खुर्ची त्यांचीच.

द्वेषावर विज्ञानाचा शिक्का मारून घ्या. माणसांचा 'वाण' पारखणारे हॅरी लाफलिन हे जॉन्सनसाहेबांच्या समितीचे अधिकृत तज्ज्ञ होते.

आणि शिवी कधीच देऊ नका, गणित मांडा. १९२१ चा कायदा म्हणे, १९१० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक, त्याच्या ३ टक्के घ्या. तरी इटालियन, पोलिश, ज्यू येतच राहिले. मग १९२४ मध्ये साहेबांनी जनगणनाच बदलली! १८९० ची काढली, म्हणजे ही मंडळी मोठ्या संख्येने यायच्या आधीची, आणि टक्के केले २. इटलीचा कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर. कुणाचं नाव घेतलं? छे, फक्त भागाकार केला. आपल्यासाठी तर भागाकाराचीही गरज नव्हती. जो 'नागरिकत्वास अपात्र' त्याला प्रवेश नाही; कायद्यातले एवढे दोनच शब्द पुरले. अमेरिकेच्या सैन्यात पगडी घालून राबलेल्या भगतसिंग थिंदना सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्येच 'तुम्ही गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. त्यामुळे भारताच्या नावावर १०० जागा होत्या खऱ्या, पण भारतीयाला त्या मिळणार नव्हत्या. कसलं डोकं! कसला निर्लज्जपणा!

लोकांनी घरी बसवलं तर बसा. १९३२ मध्ये साहेब पडले, कोटा १९६५ पर्यंत उभा होता.

प्रतिनिधिगृहात १९२४ चा तो कायदा ३२३ विरुद्ध ७१ मतांनी मंजूर झाला. त्या ७१ जणांत ब्रुकलिनचा एक नवखा सदस्य होता, इमॅन्युएल सेलर. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जागा आणि नागरिकत्व मिळालं त्या कायद्यावर त्याचं नाव आहे, आणि १९६५ मध्ये जॉन्सनचा कोटा मोडला त्या कायद्यावरही.

काका, तुम्ही त्या दारातून आलात. आठ डॉलर तुमचे असतील, दार सेलरने उघडलेलं होतं. त्याचं नाव तरी ऐकलंयत का कधी? एसटीत खिडकी मिळाली की 'पुढे जागा नाही' म्हणून कंडक्टरच्या आधी ओरडायचं, हीच तुमची जात. माझी ग्रीन कार्डची रांग एका देशाला ७ टक्के या हिशेबाने सरकते. मुलगी शाळेत जायला लागली तरी मी तिथेच आहे. तुमच्या घरी, तुमच्याच भाषेत बोलणाऱ्याच्या तोंडावर 'दारं बंद करा' म्हणताना जीभ अडखळली नाही?

आणि चकल्या मऊ पडल्या होत्या.