सदर्न रेल्वेचा तिसरा रूळ: कंजूषपणा की हिशेब?

दक्षिण इंग्लंडच्या सदर्न रेल्वेबद्दल एक मत सारखं फिरत असतं: लंडनची उपनगरं फुगली म्हणून कंपनी आपोआप वाढली, आणि पैसे वाचवायला तिने चांगली ओव्हरहेड तार उखडून जमिनीलगत वीज वाहणारा तिसरा रूळ टाकला.

आधी ‘आपोआप’चं बघू. १ जानेवारी १९२३ ला ब्रिटनच्या जुन्या रेल्वे कंपन्या एकत्र करून झालेल्या चार मोठ्या कंपन्यांत सदर्न सगळ्यात लहान. इतर तिघींना मालवाहतुकीचा आधार होता. हिचं सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न प्रवाशांचं, आणि प्रवासी तर ट्राम-बसकडे पळत होते. महाव्यवस्थापक हर्बर्ट वॉकर यांनी विजेबरोबर ठरावीक अंतराने गाड्या सोडल्या. १९३३ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून ब्रायटनची विनाथांबा गाडी तासाच्या ठोक्याला सुटे आणि ६० मिनिटांत पोचे. वेळापत्रक उघडायची गरजच नाही.

आता तार. जुन्या कंपन्यांपैकी ब्रायटन कंपनीने १९०९ मध्ये सुमारे ६,७०० व्होल्ट एसीची तार टाकली होती, साउथ वेस्टर्नने १९१५ मध्ये ६०० व्होल्ट डीसीचा तिसरा रूळ. दोन्ही सदर्नमध्ये आल्या आणि एकीची लोकल दुसरीच्या मार्गावर चालेना. १९२५ मध्ये तार सटन व कोल्सडन नॉर्थपर्यंत नेली, तेव्हा मोटारींसाठी प्रवासी न बसणारा वेगळा, जड डबा जोडावा लागला. साउथ वेस्टर्नने मात्र वाफेच्या गाड्यांचे जुनेच डबे बदलून तीन-तीन डब्यांच्या ८४ लोकल उभ्या केल्या होत्या. तिसरा रूळ स्वस्त होता, खरंच. पण तो आधीच जास्त मैलांवर पसरलेला होता, हे कोणी सांगत नाही. १९२९ मध्ये तारेवरची शेवटची लोकल धावली. मुंबईत १९२५ मध्ये १,५०० व्होल्ट डीसीची तार आली, कारण तिथे पाटी कोरी होती.

तिसऱ्या रुळाचे दोष मात्र खरे आहेत. व्होल्टेज कमी म्हणून करंट प्रचंड; व्होल्टेज आणखी पडू नये म्हणून सबस्टेशनं जवळजवळ लागतात. रुळावर बर्फ धरला की गाडीचा शू (रुळाला टेकून वीज घेणारा तुकडा) वरून घसरतो, ठिणग्या उडतात आणि गाडी अडते. गाड्या मार्ग बदलतात त्या सांध्यांवर हा रूळ तोडावा लागतो, म्हणजे मध्ये खंड पडतो. लांब लोकलचे शू दूरदूर असल्याने एक ना एक रुळावर राहतो. एकट्या इंजिनाचे सगळेच त्या खंडावर येऊ शकतात. म्हणून सदर्नच्या १९४१ च्या सीसी-१ विद्युत इंजिनात मोटर-जनरेटरला जड फ्लायव्हील (गती साठवणारं चाक) जोडलं होतं: पुरवठा तुटला तरी ते फिरत राही आणि इंजिन खंड ओलांडेपर्यंत मोटारींना वीज मिळे.