आजारी पडण्याची पूर्वतयारी

मेडिक्लेम नाही आणि आजारी पडायचं म्हणताय? पडा की. फक्त हार्ट अटॅक शक्यतो सोमवार ते शुक्रवार, तोही सकाळी दहानंतर येऊ द्या. तहसील कचेरी तेव्हाच उघडी असते, आणि उत्पन्नाचा दाखला हातात नसेल तर तुमच्या छातीतल्या कळेवर कोण विश्वास ठेवणार?

दवाखाना पाटीवर 'धर्मादाय' लिहिलेला निवडा. तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने तशी योजनाच लावून दिली. खाटा असतात हो. तुम्ही जाता त्या दिवशी नेमक्या भरलेल्या असतात, एवढंच. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आतला, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आतला. महिन्याला ३१ हजार मिळत असतील तर अभिनंदन, तुम्ही बंगलेवाल्यांच्या रांगेत! मालकाला सांगून पगार दोन हजारांनी उतरवून घ्या.

तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाला आधी दाखल करायचं, डिपॉझिट मागायचं नाही, असंही त्या योजनेत आहे. काउंटरवर हे बोलू नका, उगाच वातावरण बिघडतं. माझ्या मावसभावाला नेलं तेव्हा काचेपलीकडच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मेडिक्लेम की कॅश?" मी केशरी रेशनकार्ड काचेखालून सरकवलं. तिने ते तसंच परत सरकवलं. "सोशल वर्करना भेटा. उद्या येतील."

बिल मात्र सावकाश वाचा. आमच्या बिलात चार दिवसांत हातमोज्यांच्या ४६ जोड्या होत्या. भावाला इतक्यांदा कुणी हात लावलेला आम्हाला तरी दिसला नाही.

पैसे कमी पडले तर घाबरू नका, खाट तुमचीच आहे. बिल भरेपर्यंत थांबायचं आणि थांबल्याचं बिल भरायचं. बिलापायी पेशंटला अडवणं बेकायदा आहे, पण अडवतंय कोण? फाइल 'वर' गेलेली असते. मेल्यावर सोपं जातं. थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवता येणार नाही, हे राज्य सरकारच्या २०२१ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय.

आणि 'तुमच्यासारख्या बुडव्यांमुळे दवाखाने तोट्यात जातात' असं कुणी ऐकवलं तर खाली मान घालून ऐकून घ्या. बाकीच्या पेशंटांच्या बिलांतून दोन टक्के काढून निर्धनांसाठी वेगळा निधी ठेवायचा असतो, त्यात आज किती शिल्लक आहे, असलं काही विचारू नका. पेशंट अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

आमची फाइल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली आली. वहिनी सराफाकडून परतल्या होत्या, गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून.