नेब्रास्काच्या शेतकऱ्याचे कागद जळालेले नाहीत

अमेरिकेत सोयरीक झालेली मराठी घरं आता कमी नाहीत. जावयाचं किंवा सुनेचं घराणं मूळ कुठलं, हा प्रश्न नातवंडांच्या निमित्ताने निघतोच. अशा वेळी एक मजकूर हमखास पुढे येतो: एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे जाऊन वसलेल्या अमेरिकन पूर्वजाचा माग लागणं अशक्य, बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांना तपासणाऱ्या न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी आडनावं बदलली, 1890ची जनगणना जळाली, आणि गाडीत संसार घालून निघालेल्या गरीब शेतकऱ्याने कागद मागे ठेवलेच नाहीत. तेव्हा डीएनए चाचणी करा, ऑनलाइन तयार वंशवृक्ष उतरवून घ्या आणि मोकळे व्हा. यातली जळिताची गोष्ट तेवढी खरी आहे. बाकीच्या गैरसमजांपायी लोक शोध सुरू करण्याआधीच सोडून देतात, म्हणून हे लिहितो आहे.

एलिस बेटाचं आधी मिटवू. ते केंद्र उघडलं 1 जानेवारी 1892 रोजी. 1860-70च्या दशकांत कॅन्सस-नेब्रास्का गाठणारा माणूस तिथून आलेलाच नाही. तो न्यूयॉर्कला उतरला असेल तर बहुधा कॅसल गार्डन या त्याआधीच्या केंद्रातून, आणि कित्येक वसाहतकरी तर ओहायो, इंडियानातच जन्मलेले. शिवाय एलिस बेटावरचे निरीक्षक बोटकंपनीने आधीच तयार केलेली यादी समोर ठेवून माणसं तपासत. आडनावं बदलली हे खरं, पण ती लोकांनी स्वतः, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी बसावीत म्हणून बदलली. म्युलरचा मिलर झाला तो असा.

जनगणनेला आग लागली 10 जानेवारी 1921 रोजी, वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत. आगीतून आणि पाण्यातून वाचलेले कागदही पुढे सरकारनेच नष्ट केले. सव्वासहा कोटींवर लोकांपैकी जेमतेम सहा हजारांची नावं उरली. नुकसान मोठं आहे, वादच नाही. पण गेली ती एक जनगणना. 1880ची आहे, तिच्यात प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थान आहे. 1900ची आहे, तिच्यात जन्माचा महिना आणि साल आहे. नेब्रास्का, डकोटा, कोलोरॅडोत तर 1885 साली मधली मोजणीही झाली.

‘कागदच नाहीत’ हे मात्र सगळ्यात चुकीचं. होमस्टेड कायदा 20 मे 1862चा. 160 एकर सरकारी जमीन, फी अठरा डॉलर, आणि अट अशी की पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. ती पाळली हे सिद्ध करायला दोन साक्षीदार उभे करावे लागत, आणि त्यांचे जबाब फायलीत लागत. नेब्रास्कातल्या बिअ‍ॅट्रिसजवळच्या डॅनियल फ्रीमनचंच बघा. कायदा लागू झाला त्याच दिवशी, 1 जानेवारी 1863 रोजी, त्याने अर्ज केला. त्याच्या फायलीत शेजारी सांगतात: घर 14 बाय 20 फुटांचं, काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, दोन दारं, दोन खिडक्या, सुमारे 35 एकर नांगरून कुंपण घातलेलं, शंभर फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा, सफरचंदाची 40 आणि पीचची 400च्या आसपास झाडं. घरात बायको आणि दोन मुलं. एका सामान्य शेतकऱ्याबद्दल एवढं कुठे लिहिलेलं सापडतं?

अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही फायलीत मिळते. एकट्या आणि विधवा बायकांनाही अर्ज करता येत असे, त्यामुळे पणजीच्या नावाने शोधायलाही विसरू नका. या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे गट नंबर कळला की सातबारा निघतो, तसे तिथे टाउनशिप, रेंज आणि सेक्शनचे, म्हणजे सरकारी मोजणीतली जमिनीची जागा सांगणारे, आकडे लागतात. जमीन नावावर झाली असेल तर ते सरकारी संकेतस्थळावर फुकट सापडतात. नसेल, तरी निराश होऊ नका. अर्धवट सोडलेल्या दाव्यांच्याही फायली आहेत, आणि दुष्काळाने, आजारपणाने मोडलेले संसार बऱ्याचदा त्यांच्यातच भेटतात.

आता डीएनए. पाच पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून आपल्याकडे सरासरी तीन टक्के येतात. त्यातून दूरचा भाऊबंद सापडू शकतो, पण तो नेमका कोणाकडून लागतो हे कागदच ठरवतात. तयार वंशवृक्षाचा धोका याहून मोठा. एलिस बेटावर पहिलं पाऊल ठेवणारी आयरिश मुलगी अ‍ॅनी मूर पुढे टेक्सासात गेली, असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. 2006मध्ये एका वंशशोधिकेने कागद काढले, तेव्हा टेक्सासची अ‍ॅनी मूर इलिनॉयची निघाली. खरी न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. नाव जुळलं, एवढ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता.

खऱ्या अडचणीबद्दल तो मजकूर अवाक्षर काढत नाही. 1850च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बायकामुलं नुसत्या आकड्यांत. गुलामगिरीत ठेवलेल्यांची नावं तर सर्वसाधारणपणे 1870पर्यंत नाहीतच. 1877 साली कॅन्ससमध्ये निकोडेमस हे गाव वसवणारी कृष्णवर्णीय कुटुंबं बरीचशी केंटकीतून आली. त्यांचा माग काढताना 1870च्या मागे जायचं तर मालकांची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या आणि फ्रीडमन्स ब्यूरोची, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याची, दप्तरं एकेक करून वाचावी लागतात.