गुप्त संघटना खरी घ्यायची तर खरीच घ्या

दिवाळी अंकांसाठी आलेल्या रहस्यकथा वाचून निवडायचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. हल्ली त्यातल्या बऱ्याच कथांमध्ये एक गुप्त संघटना असतेच. काळे झगे, मेणबत्त्या, लॅटिन शपथ, बोटात अंगठी आणि ‘आम्ही शेकडो वर्षं पडद्याआडून जग चालवतोय’ असं सांगणारा एक म्हातारा. संघटनेचं नाव इल्युमिनाटी, नाहीतर फ्रीमेसन, नाहीतर टेम्पलर. पात्रं पुण्याची असली तर तळघर थेट शनिवारवाड्याखाली. नाव खरं, बाकी सगळं हवेतलं.

खरी नावं वापरायला माझा विरोध नाही. उलट वापराच. पण लोक नाव तेवढं उचलतात आणि त्यामागचा ऐवज तिथेच टाकून येतात, याचा मला राग येतो. कारण तो ऐवज असा आहे की कल्पनेने रचून लिहिला तर संपादक म्हणेल, बाई, जरा अतीच होतंय.

इल्युमिनाटीच घ्या. १ मे १७७६, बव्हेरियातलं इंगोलश्टाट गाव. संस्थापक अ‍ॅडम वाइसहाउप्ट, विद्यापीठात चर्चचा कायदा शिकवणारा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक. सुरुवातीला सभासद पाच. जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ १७७३ साली बरखास्त झाला होता, पण विद्यापीठात वजन अजून जुन्या जेझुइटांचंच होतं आणि वाइसहाउप्टला ते सहन होत नव्हतं. म्हणजे मुळाशी बघितलं तर हे निम्मं स्टाफरूमचं राजकारण. आपल्याकडे असं झालं तर प्राध्यापक फार तर कुलगुरूंना निनावी पत्र टाकतात. याने संघटना काढली.

मग टोपणनावं. वाइसहाउप्ट स्वतः स्पार्टाकस, त्याचा उजवा हात त्स्वाक म्हणजे केटो, पुढे आलेला बॅरन क्निग म्हणजे फिलो. म्युनिकला म्हणायचं अथेन्स. पत्रावर तारीख घालायची ती इराणी कालगणनेची, महिना फरवरदीन वगैरे. मुंबईतल्या एखाद्या पारशी आजोबांना ती बघून गंमत वाटली असती. प्रत्येक सभासदाने वरच्याला बंद पाकिटात नियमित अहवाल द्यायचा, त्यात स्वतःचे दोषही लिहायचे.

आणि या सगळ्या डामडौलाच्या आत काय चाललं होतं? वाइसहाउप्टचं केटोला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात तो वैतागून लिहितो की सॉक्रेटिस खरं तर फार कामाचा माणूस, पण सदानकदा दारू प्यायलेला; ऑगस्टसची गावात अब्रू राहिलेली नाही; आणि अल्किबायडीस दिवसभर खानावळवालीसमोर बसून उसासे टाकत असतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. जगाची पुनर्रचना करायला निघालेले लोक, आणि पुढाऱ्याची डोकेदुखी काय, तर खानावळवाली! या एका पत्रात आख्ख्या कादंबरीचा मालमसाला आहे. मराठीत कोणी तो वापरलेला माझ्या तरी वाचनात नाही. सगळ्यांना फक्त त्रिकोणातला डोळा हवा असतो, आणि तो डोळा तर इल्युमिनाटीचा नव्हेच. त्यांचं चिन्ह होतं घुबड.

संघटना दहा वर्षंही टिकली नाही. १७८४ आणि १७८५ साली बव्हेरियाच्या सत्ताधीशाने बंदी घातली, १७८६ साली त्स्वाकच्या घरावर छापा पडला, आणि सापडलेले कागद सरकारनेच पुढच्या वर्षी छापून टाकले. सॉक्रेटिसच्या दारूची हकिकत आपल्याला कळते ती या छाप्यामुळे. वाइसहाउप्ट पळाला आणि अखेर गोथाला जाऊन राहिला. तिथेच १८३० साली गेला. क्निगचं त्याच्याशी आधीच फाटलं होतं. त्याने १७८८ साली माणसांशी कसं वागावं यावर एक पुस्तक लिहिलं, आणि आज जर्मनीत त्याचं नाव शिष्टाचाराशी जोडलं गेलंय. जगातल्या सगळ्यात बदनाम गुप्त संघटनेतला दुसऱ्या नंबरचा माणूस, आणि ख्याती कशाबद्दल, तर सभ्य वागणुकीबद्दल. फ्रेंच राज्यक्रांती यांनीच घडवली हा बोभाटा झाला १७९७ साली, संघटना संपून दशक उलटल्यावर.

‘प्रायरी ऑफ सायन’ या संघटनेची तर बातच सोडा. २००३ साली गाजलेल्या ‘द दा विंची कोड’ या इंग्रजी थ्रिलरने पहिल्याच पानावर ‘तथ्य’ असा मथळा देऊन ती १०९९ साली स्थापन झाल्याचं छापलं. प्रत्यक्षात ती १९५६ साली फ्रान्समध्ये पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने रीतसर सरकारदरबारी नोंदवली. तिच्या मुखपत्रात स्वस्त घरांत राहणाऱ्या भाडेकरूंचे प्रश्न असत. पुढे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले, आणि त्यातल्या प्रमुखांच्या यादीत लिओनार्दो आणि न्यूटनसुद्धा आले. मला विचाराल तर भाडेकरूंपासून लिओनार्दोपर्यंत पोचणारा हा प्लांतार कुठल्याही टेम्पलरपेक्षा सरस पात्र आहे.

इथे कोणीतरी म्हणणारच, कथा आहे, इतिहासाचा पेपर नाही. मान्य. मग नाव बदला. कॉनन डॉयलने ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्ये तेच केलं. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत आयरिश मजुरांची ‘मॉली मॅग्वायर्स’ नावाची गुप्त टोळी असल्याचा बोभाटा होता. त्याने तिला दुसरं नाव दिलं, दरी काल्पनिक केली आणि हवं ते लिहायची मोकळीक मिळवली. पण नाव बदललं तरी एक गोष्ट त्याच्याकडून सुटली नाही. त्याची गोष्ट टोळीत शिरलेल्या, पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेच्या डिटेक्टिव्हच्या बाजूची आहे. मूळ प्रकरणातही तेच झालं होतं. रेल्वे कंपनीचा अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन, खाणी त्याच्याच कंपनीच्या, डिटेक्टिव्हला पैसे मोजणारा तोच, आणि कोर्टात सरकारी बाजूने उभा राहिलेलाही तोच. १८७७ ते १८७९ या काळात वीस माणसं फासावर गेली. आरोपींनी स्वतः लिहून ठेवलेलं जवळजवळ काही नाही, आणि अशी संघटना खरोखर कितपत होती यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. १९७९ साली राज्याच्या गव्हर्नरने त्यातल्या जॅक किहोला मरणोत्तर माफी दिली.

गुप्त संघटनेवर लिहिणाऱ्याची खरी अडचण ही आहे. ती जितकी गुप्त, तितकी तिची हकिकत दुसऱ्याच्या तोंडून येते: खबऱ्या, माफीचा साक्षीदार, छाप्यात सापडलेलं पाकीट. लेखकाने निदान हे तरी विचारावं की हे मला सांगतंय कोण, आणि सांगण्याच्या बदल्यात त्याला काय मिळालं.

आता आपल्या घरातलं. युरोपातल्या गुप्त संघटनेचा धागा महाराष्ट्रात आणायला शनिवारवाड्याखाली खणायची गरजच नाही, तो सरळ नाशिकला येतो. इटलीत कार्बोनारी होते, म्हणजे कोळसेवाले. ते एकमेकांना ‘भाऊबंद’ म्हणत आणि आपल्या शाखेला ‘विक्री’. इटालियन क्रांतिकारक मॅझिनी त्यांच्यात होता. १८३० साली दगाफटका होऊन पकडला गेला, सावोनाच्या किल्ल्यात बसला, आणि १८३१ साली मार्सेलला त्याने ‘यंग इटली’ काढली. पाऊणशे वर्षांनी सावरकरांनी त्याचं चरित्र मराठीत आणलं. ते १९०७ साली छापून आलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. त्याआधीच, १९०४ साली, नाशिकच्या ‘मित्रमेळ्या’चं ‘अभिनव भारत’ झालं होतं. नाव ‘यंग इटली’च्याच धर्तीवर.

मित्रमेळ्याकडे जरा नीट बघा. बैठका तिळभांडेश्वराच्या बोळात, आणि उघड काम काय, तर उत्सवात पोवाडे आणि पदं म्हणायची. पदं रचणारे कवी गोविंद पायांनी अधू. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात गाणारी गुप्त संघटना! १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली ती बॉम्बसाठी नव्हे, छापलेल्या कवितांसाठी. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात ‘शारदा’च्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सन आला. बदली झाली म्हणून त्याचा निरोप होता. माणूस संस्कृत जाणणारा. अनंत कान्हेरेने तिथे त्याला गोळ्या घातल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले.

यावर मराठीत लिहिलं गेलंय, पण बहुतेक वेळा त्याची एकतर पोथी होते नाहीतर आरोपपत्र. दोन्हीकडे माणसं आधीपासून निकाल लागलेली असतात. शपथ घेताना कोणाचे हात थरथरत नाहीत, कोणी रात्री बायकोला खोटं सांगत नाही, वर्गणी थकवत नाही, दुसऱ्यावर संशय घेत नाही. भावना दुखावतील या भीतीने लेखकही हात राखून लिहितो. ती भीती मला कळते, आणि ज्यांचे नातू-पणतू आज हयात आहेत अशा माणसांची नावं सरळ बदलावीत या मताची मी आहे. काळ, गाव, पिस्तूल, खटला खरा ठेवा. तोंडी घालायची वाक्यं बदललेल्या नावाच्या माणसाला द्या.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त ओढ आहे ती एका स्वयंपाक्याची. चतुर्भुज अमीन. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये, म्हणजे हिंदी क्रांतिकारकांच्या वसतिगृहात, स्वयंपाक करायचा. १९०९ सालच्या सुरुवातीला तो बोटीने मुंबईला आला तेव्हा त्याच्या पेटीच्या खोट्या तळात वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. त्यातलंच एक विजयानंदमध्ये चाललं. पुढे हाच अमीन कोर्टात माफीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. नेत्यांनी स्वतःबद्दल खूप लिहिलं, त्यांच्याबद्दल इतरांनी त्याहून जास्त लिहिलं. याच्या वाट्याला जबानी आली. इंडिया हाउसच्या स्वयंपाकघरात त्याच्या कानावर काय काय पडत होतं, पेटी त्याच्याच हातात का दिली, वर चार कपडे आणि खाली वीस पिस्तुलं घेऊन तीन आठवडे बोटीवर तो कोणाशी काय बोलला असेल? या माणसाला मध्ये ठेवून कोणी मराठीत कादंबरी लिहिली असेल तर नाव कळवा, विकत घेऊन वाचेन.